शस्त्रक्रियेनंतरची तीस वर्षे

पळस्पे फाट्यावर मुंबईहून आलेला रस्ता दुभंगतो. एक फाटा खंडाळ्याच्या घाटाकडे वळतो, दुसरा पेण-महाडवरून गोव्याकडे जातो. कोकणातील माणसास मोठ्या दुखण्याकरिता मुंबई गाठावयाची, तर बहुधा याच नाक्यावरून जावे लागते. ओठ निळे पडलेल्या स्थितीत आईच्या कडेवर बसून येथून परळच्या रुग्णालयांकडे गेलेली आणि छातीवर उभा व्रण घेऊन परतलेली मुले आज तिशी-चाळिशीत आहेत. कोणी शिक्षक, कोणी कारकून. घरात त्या शस्त्रक्रियेचा उल्लेख होतो तो टळून गेलेले संकट म्हणूनच. ‘भोक बुजले, पोर वाचले.’ हा समज अर्धाच खरा आहे.

दर हजार जन्मांमागे सुमारे आठ-नऊ अर्भकांच्या हृदयात जन्मतःच काही दोष असतो. १९४४ साली बाल्टिमोर येथे हेलन टॉसिग, आल्फ्रेड ब्लेलॉक व व्हिव्हियन थॉमस यांनी ‘निळ्या बालकां’साठी शस्त्रक्रियेचा मार्ग खुला केला. पुढे दोष समूळ दुरुस्त करण्याचे तंत्र आले. आज सधन देशांत अशा बालकांपैकी नव्वद टक्क्यांहून अधिक प्रौढ होतात. किंबहुना तेथे या विकाराच्या रुग्णांत बालकांपेक्षा प्रौढच अधिक आहेत.

परंतु दुरुस्त केलेले हृदय म्हणजे मूळचे निर्दोष हृदय नव्हे. ‘फॅलो’च्या विकारात फुप्फुसाकडे जाणारी अरुंद वाट रुंद करताना तेथील झडपेचा घट्टपणा पुष्कळदा गमवावा लागतो. मग प्रत्येक ठोक्याला काही रक्त मागे गळते आणि हृदयाचा उजवा खालचा कप्पा वर्षानुवर्षे जादा भार वाहत फुगत जातो. रुग्णाची तक्रार मात्र नसते, कारण बालपणापासूनच तो आपल्या ताकदीच्या मर्यादेत जगण्यास सरावलेला असतो. दुसऱ्या मजल्यावर थांबावे लागले, तर तो दोष वयास देतो. ठोक्यांची लय बिघडते तेव्हा कधी कधी फार उशीर झालेला असतो.

ही पडझड आधी दिसू शकते ती ‘टू-डी इको’ने. स्वीडनमधील लुंड येथे १९५३ साली इंगे एडलर व हेल्मुट हर्ट्झ यांनी धातूतील भेगा शोधण्याचे, जहाजबांधणीच्या कारखान्यातील उपकरण मानवी छातीवर ठेवले. त्यातून हे शास्त्र जन्मले. श्राव्यातीत ध्वनिलहरींचे पडसाद टिपून कप्प्यांचा आकार, झडपांची गळती आणि रक्ताचा वेग आज मोजता येतो. स्नायू लांबीच्या दिशेने किती टक्के आखडतो, हेही कळते. बाहेर फेकल्या जाणाऱ्या रक्ताचे प्रमाण ठीक असतानाच हा आकडा घसरू लागतो, म्हणून भवितव्याच्या अंदाजास तो विशेष उपयोगी.

भोक वेळीच न बुजल्याने ज्यांच्या फुप्फुसातील रक्तवाहिन्या कायमच्या ताठरल्या, त्यांची गोष्ट अधिक बिकट. लंडनच्या रॉयल ब्रॉम्प्टन रुग्णालयातील तज्ज्ञांनी २०१२ साली अशा १८१ प्रौढांचा अभ्यास प्रसिद्ध केला. उजव्या बाजूच्या झडपेचे कडे प्रत्येक ठोक्यास पंधरा मिलिमीटरांहून कमी सरकणे, उजवा वरचा कप्पा वाढणे, अशा साध्या मापांवरून कोणास मृत्यूचा धोका अधिक, हे सांगता आले.

ही काही जन्मपत्रिका नव्हे. उजवा कप्पा चंद्रकोरीसारखा, छातीच्या हाडाआड दडलेला. त्याचे आकारमान एमआरआयने अधिक अचूक कळते. पण ती तपासणी महाग आणि दूरची, तर इको तुलनेने स्वस्त आणि जवळची. शिवाय एका मापाने फारसे उमगत नाही. यंदाचे माप मागच्या मापाशेजारी ठेवावे लागते. येथेच घोडे अडते. जुन्या तपासणीचे कागद माळ्यावर पावसाळी दमटपणात पडून राहतात, आणि त्यांवरील छायाचित्रे तर काही वर्षांत आपोआप पुसट होतात.

व्यवस्थाही अठराव्या वर्षाशी थबकते. २०१३ पासूनच्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात तपासणी होते ती जन्मापासून अठरा वर्षांपर्यंत. पळस्प्याहून काही किलोमीटरांवर खारघरला लहान मुलांच्या हृदयावर विनामूल्य शस्त्रक्रिया करणारे रुग्णालय आहे, ही समाधानाचीच बाब. पण एकोणिसाव्या वर्षी त्या मुलाने कोठे जावे? प्रौढांच्या नेहमीच्या तपासणीत लक्ष असते ते डाव्या कप्प्यावर. तो उत्तम असल्याचा शेरा घेऊन, उजवा कप्पा फुगलेला माणूस निश्चिंत मनाने घरी परततो.

मुलींच्या बाबतीत आणखी एक अडचण असते, तिच्याविषयी बोलले जात नाही. स्थळे पाहताना शस्त्रक्रियेची गोष्ट लपविली जाते आणि कागदपत्रे माहेरीच राहतात. गरोदरपणात हृदयास सुमारे दीडपट रक्त ढकलावे लागते. ताठरलेल्या फुप्फुसवाहिन्या असलेल्या स्त्रीच्या तर ते जिवावरच बेतते. पहिल्या तपासणीत डॉक्टर व्रणाबद्दल विचारतात. सासू शेजारीच बसलेली असते. ‘लहानपणी पडले होते’, असे उत्तर येते.