अर्थचोरांचा बाजार

वाङ्मयचौर्य हा आम्हा मराठीच्या प्राध्यापकांचा जिव्हाळ्याचा विषय. (कोणत्या अर्थाने जिव्हाळ्याचा, ते वाचकांनीच ठरवावे!) तो शिकवताना राजशेखराच्या ‘काव्यमीमांसे’कडे वळावेच लागते. सुमारे अकराशे वर्षांपूर्वीच्या या पंडिताने चोरीचे शब्दहरण आणि अर्थहरण असे दोन भाग पाडले आणि अर्थहरणाच्याही जाती लावल्या. अर्थ सगळा दुसऱ्याचा, वाक्यरचना तेवढी निराळी, तो ‘प्रतिबिंबकल्प’. त्याच अर्थावर थोडा संस्कार करून तो वेगळा भासवला, की ‘आलेख्यप्रख्य’. हे सांगताना अलीकडे मला कवी आठवत नाहीत. आठवतात ते मोबाइलवरचे खेळ!

२०११ साली ॲपलने आयफोनवरचा वर्षातला उत्तम खेळ म्हणून ‘टायनी टॉवर’ निवडला. मजल्यावर मजला चढवायचा, त्यात दुकाने नि बिऱ्हाडे वसवायची, असा हा खेळ. तो करणारी निंबलबिट ही अमेरिकन कंपनी म्हणजे उणीपुरी तीन माणसे. २०१२ च्या जानेवारीत झिंगा या बड्या कंपनीचा ‘ड्रीम हाइट्स’ अवतरला. तेच मजले, तीच लिफ्ट, तीच बिऱ्हाडे! तिघांनी एक जाहीर पत्र काढले. दोन्ही खेळांची चित्रे शेजारी शेजारी मांडली, झिंगाचे अभिनंदन केले, आपल्या खेळावर एवढे प्रेम केल्याबद्दल आभारही मानले. उपरोधाचा हा नमुना मी विद्यार्थ्यांपुढे खुशाल ठेवीन.

पण मनाला अधिक लागते ती ‘थ्रीज’ची हकीकत. चार बाय चार घरांचा पट. एक आणि दोन जुळले की तीन. पुढे तीन-तीनचे सहा, सहा-सहाचे बारा. एवढेच! ॲशर वोल्मर, ग्रेग वोलवेंड आणि संगीतकार जिमी हिन्सन यांचा हा खेळ फेब्रुवारी २०१४ मध्ये आला. त्यामागे चौदा महिन्यांची खटपट होती. तीन आठवडे लोटतात न लोटतात तोच त्याच धर्तीचा ‘१०२४’ फुकटात हजर! तो पाहून मार्चमध्ये गॅब्रिएले चिरुल्ली या एकोणीस वर्षांच्या इटालियन तरुणाने शनिवार-रविवारात ‘२०४८’ रचला. हा काही चोर नव्हे. आपला खेळ ‘१०२४’वरून बेतला आहे आणि कल्पनेने ‘थ्रीज’शी जुळतो, हे त्याने खेळाच्या पानावरच लिहिले. पैसे घेतले नाहीत, उलट आतली सारी रचना जगाला खुली केली. मग काय, ‘२०४८’च्या पिलावळीने बाजार भरून गेला, आणि ‘थ्रीज’ हीच ‘२०४८’ची नक्कल, असे मूळ कर्त्यांनाच ऐकावे लागले.

तेव्हा त्यांनी आपापसातला पत्रव्यवहार प्रसिद्ध केला. एखाद्या कवीची खाडाखोडीची वही हाती यावी, तसा तो आहे. खेळाचे पहिले रूप अखेरच्या रूपाहून फारसे दूर नव्हते. मध्यंतरी त्यावर नाना कल्पनांची भर घातली गेली, आणि महिनोन् महिने खपून ती एकेक काढून टाकण्यात आली. सोपे दिसणाऱ्या ओळीमागे केवढे खोडणे असते, हे लिहिणाराच जाणतो. नक्कल करणाऱ्याला मात्र खोडून झालेली प्रत आयती मिळते.

कायदा येथे काय करतो? २०१२ साली ‘मिनो’ या नकलेविरुद्ध ‘टेट्रिस’वाल्यांनी न्यू जर्सीच्या न्यायालयात दावा जिंकला. पण तो जिंकला ठोकळ्यांचे आकार, पटाची मापे अशा दृश्य रूपाच्या जोरावर. खेळाचे नियम कुणाचेच नव्हेत, हे तेथेही मान्य होते. आपल्या सर्वोच्च न्यायालयानेही १९७८ साली आर. जी. आनंद खटल्यात, एक नाटक नि एक चित्रपट समोर ठेवून, हेच तत्त्व सांगितले: संरक्षण मिळते ते मांडणीला, कल्पनेला नव्हे. म्हणजे राजशेखराच्या भाषेत, शब्दहरण शिक्षेस पात्र. अर्थहरण बहुधा मोकळे!

यात शहाणपण आहे, हे मी नाकारीत नाही. नियमांवर मालकी चालती, तर आपल्या पचिशीवरून ‘ल्यूडो’ बेतून इंग्लंडात १८९६ साली त्याचे पेटंट घेणाऱ्याची धडगत नव्हती. पण ‘थ्रीज’कारांनी चौदा महिने वेचले ते नेमके अर्थावर. शब्द त्यात होतेच किती? सोळा घरे आणि काही आकडे.

‘थ्रीज’ला सुरुवातीला दोन डॉलरच्या आसपास मोजावे लागत. २०१५ साली त्याच्या कर्त्यांनीही जाहिराती दाखवणारी फुकट आवृत्ती काढली.