शिट्ट्यांच्या मैदानातले सोने

बालमित्रांनो, आपल्या मनोर-पालघरकडे पाड्यापाड्यांवर कबड्डीचे सामने रंगतात. आपल्या खेळाडूने गडी बाद केला, की घसा बसेपर्यंत आपण ओरडतो. त्यात गैर काहीच नाही. पण समजा, तुम्ही परगावी खेळायला गेलात आणि तिथल्या मोठ्या माणसांचे तुमच्या गावच्या एका मोठ्या माणसाशी भांडण झाले. त्या भांडणाशी तुमचा काडीचाही संबंध नाही. तरी सगळे गाव तुमच्यावर शिट्ट्या मारते, हुर्यो करते. काय कराल? खेळाल, की परत याल?

1962 साली आपल्या देशाच्या खेळाडूंवर नेमकी अशीच वेळ आली होती. गाव होते इंडोनेशियाची राजधानी जकार्ता, आणि निमित्त होते चौथ्या आशियाई क्रीडास्पर्धांचे.

या स्पर्धा सुरू झाल्या त्या आपल्याच दिल्लीत, मार्च 1951 मध्ये. पहिल्या वेळी 11 देश आले होते. आशियातले कितीतरी देश तेव्हा नुकतेच स्वतंत्र झाले होते. त्यांच्या मुलामुलींनी एकत्र खेळावे, एकमेकांना ओळखावे, ही त्यामागची कल्पना. ती उभी करण्यात गुरुदत्त सोंधी या भारतीय गृहस्थांचा मोठा वाटा होता. पुढे मनिला आणि टोकियो येथे स्पर्धा झाल्या आणि 1962 मध्ये जकार्ताची पाळी आली.

पण तिथेच माशी शिंकली! इंडोनेशियाचे अध्यक्ष सुकार्नो यांची अरब देशांशी आणि चीनशी मैत्री होती. अरब देशांचे इस्राएलशी वैर, तर चीनचे तैवानशी. म्हणून इंडोनेशियाने इस्राएल आणि तैवान यांच्या खेळाडूंना देशात येण्याचा परवानाच दिला नाही. सोंधी म्हणाले, "हे नियमाला धरून नाही. सभासद देशांना दाराबाहेर ठेवायचे असेल, तर या स्पर्धांना आशियाई स्पर्धा म्हणता येणार नाही."

झाले! हा आमच्या देशाचा अपमान आहे, असे तिथल्या लोकांना वाटले. 3 सप्टेंबर 1962 रोजी चिडलेल्या जमावाने जकार्तातल्या भारतीय वकिलातीवर हल्ला केला. सोंधींना जकार्ता सोडावे लागले. खेळाडू मात्र तिथेच होते. आणि दुसऱ्याच दिवशी होता फुटबॉलचा अंतिम सामना, भारत विरुद्ध दक्षिण कोरिया.

या संघाचे प्रशिक्षक होते हैदराबादचे सय्यद अब्दुल रहीम. आजाराने त्यांचे शरीर पोखरले होते. कर्णधार चुनी गोस्वामी बंगालचे, बचावपटू जर्नेलसिंग पंजाबचे. मधल्या फळीतले फोर्तुनातो फ्रँको मूळचे गोव्यातल्या कोलवाळचे, मुंबईत टाटांच्या संघातून खेळणारे. गोवा मुक्त होऊन तेव्हा वर्षसुद्धा झाले नव्हते, बरं का! याच कोरियाने पहिल्या सामन्यात भारताला 2-0 असे हरवले होते. त्यातच जर्नेलसिंगांच्या डोक्याला आधीच्या एका सामन्यात जखम होऊन टाके पडलेले. डोक्याने चेंडू अडवायचा तरी कसा? रहीमसाहेबांनी युक्ती केली. नेहमी मागे खेळणाऱ्या जर्नेलसिंगांना त्यांनी पुढच्या फळीत पाठवले.

मैदानात सुमारे एक लाख माणसे होती. भारताच्या पायात चेंडू आला, की हुर्यो आणि शिट्ट्या! अशा वेळी भारताच्या बाजूने ओरडले कोण, सांगा पाहू? पाकिस्तानच्या हॉकी संघाचे खेळाडू! त्यांनी याच स्पर्धेत हॉकीच्या अंतिम सामन्यात भारताला 2-0 असे हरवले होते. पण त्या दिवशी एक लाखांच्या कल्लोळात ते शेजाऱ्यासाठी टाळ्या वाजवत होते.

पहिला गोल पी. के. बॅनर्जींनी केला आणि दुसरा टाके घातलेल्या जर्नेलसिंगांनी. कोरियाने शेवटी एक गोल फेडला, पण सामना भारताने 2-1 असा जिंकला. त्यानंतर आजपर्यंत आशियाई स्पर्धांत फुटबॉलचे सोने आपल्याला मिळालेले नाही. रहीमसाहेब जून 1963 मध्ये कर्करोगाने गेले. त्यांच्यावरचा 'मैदान' हा हिंदी चित्रपट 2024 साली आला, तो तुमच्यापैकी काहींनी पाहिला असेल.

याच स्पर्धेत आपल्या सांगली जिल्ह्याचे दोन मल्लही गाजले. पुनवतचे गणपतराव आंदळकर आणि कवठेपिरानचे मारुती माने. लाल मातीत घाम गाळलेले हे पैलवान जकार्तात गादीवर लढले. तिथे कुस्तीचे दोन प्रकार होते. फ्रीस्टाइलमध्ये पायांवर डाव टाकता येतो. ग्रीको-रोमनमध्ये कमरेखाली पकडायला बंदी! मानेंनी फ्रीस्टाइलमध्ये सुवर्ण आणि ग्रीको-रोमनमध्ये रौप्य मिळवले. आंदळकरांनी बरोबर उलटे केले, ग्रीको-रोमनमध्ये सुवर्ण आणि फ्रीस्टाइलमध्ये रौप्य. दोघांची मिळून चार पदके!

भांडण मात्र तिथेच मिटले नाही. 1963 च्या फेब्रुवारीत ऑलिंपिक समितीने इंडोनेशियाला निलंबित केले. तेव्हा सुकार्नोंनी त्याच वर्षी नोव्हेंबरात 'गानेफो' नावाच्या वेगळ्याच स्पर्धा भरवल्या.

काळ बदलला. 2018 मध्ये आशियाई स्पर्धा पुन्हा इंडोनेशियात झाल्या. 1962 च्या त्याच मैदानावर उद्घाटन झाले आणि एकमेकांशी वैर असलेले उत्तर व दक्षिण कोरिया एका झेंड्यामागून चालले. तैवानचे खेळाडू 'चिनी तैपेई' या नावाने तिथे होते. कोल्हापूरच्या राही सरनोबतने याच स्पर्धेत नेमबाजीचे सुवर्ण जिंकले. इस्राएल मात्र 1974 नंतर आशियाई स्पर्धांत दिसलेला नाही.

सोन्याची गोष्ट सगळेच सांगतात, मुलांनो. पण इस्राएल आणि तैवानचे जे खेळाडू वर्षानुवर्षे सराव करूनही 1962 मध्ये जकार्ताला पोचूच शकले नाहीत, त्यांचे काय? पदकांच्या यादीत त्यांचे नाव नाही आणि हरलेल्यांच्या यादीतही नाही. सोंधी त्यांच्यासाठी बोलले, पण त्याचा राग निघाला आपल्या खेळाडूंवर. मग त्यांनी बोलायला हवे होते, की आपल्या खेळाडूंसाठी गप्प बसायला हवे होते? आज रात्री जेवताना आई-बाबांना हा प्रश्न विचारा. आधी तुमचे उत्तर सांगा, मग त्यांचे ऐका. दोन्ही उत्तरे सारखीच येतील असे मात्र समजू नका!