मरीन टँकसाठी घरातली कोणती बादली चालेल, कोणती नाही?

खाऱ्या पाण्याच्या फिश टँकला, म्हणजे मरीन टँकला, काचेच्या टाकीखेरीज बरीच भांडी लागतात. मीठ विरघळवायला बादली, पाणी साठवायला कॅन, नवा मासा वेगळा ठेवायला टब. टाकीवर हजारो रुपये खर्च होतात, बादली मात्र मोरीतली उचलली जाते. इथेच घात होऊ शकतो.

तांबं-पितळ लांबच ठेवा

पिण्याच्या पाण्यासाठी तांब्याचा हंडा आपल्याकडे चांगला मानतात. मरीन टँकसाठी मात्र तो घातक. माशांवरचे परजीवी मारायला तांब्याचं औषध देतात. लिटरला एक मिलिग्रॅमपेक्षाही कमी असलेली ती मात्रा मासे सहन करतात, पण कोळंबी, शंख आणि प्रवाळ मरतात. म्हणून असं औषध वापरलेला टबही पुन्हा मुख्य टाकीसाठी घेऊ नये.

पितळेत तांबं आणि जस्त दोन्ही असतं. जस्ताचा मुलामा दिलेली पत्र्याची बादलीही नको. ॲल्युमिनियमचं पातेलं मीठ खाऊन टाकतं आणि खाऱ्या पाण्यात स्टीललाही गंजाचे ठिपके पडतात. प्लास्टिकच्या बादलीची कडी लोखंडी असेल तर ती काढून टाका. तिच्यावरून ओघळलेला गंज थेट पाण्यात उतरतो.

त्रिकोणातला आकडा बघा

प्लास्टिकच्या भांड्याच्या तळाशी त्रिकोणात आकडा असतो. 2 म्हणजे एचडीपीई आणि 5 म्हणजे पॉलिप्रॉपिलीन. मीठ कालवायला आणि पाणी साठवायला हे दोन सर्वांत सोयीचे. 3 म्हणजे पीव्हीसी. त्यातलं मऊ, लवचिक प्लास्टिक टाळा, कारण ते मऊ करायला घातलेली रसायनं पाण्यात उतरू शकतात. 7 म्हणजे ‘इतर’, त्यावरून काहीच कळत नाही.

पण आकडा फक्त प्लास्टिकची जात सांगतो. भांडं खाद्यपदार्थांसाठी आहे का, हे पेला आणि काट्याच्या खुणेवरून किंवा ‘फूड ग्रेड’ या शब्दांवरून ओळखायचं. काचेची लोणच्याची बरणी छोट्या कामाला उत्तम, झाकण मात्र पत्र्याचं नको.

आधी त्यात काय होतं?

सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न हाच. फिनेल, डिटर्जंट, रंग, कीटकनाशक किंवा डिझेल भरलेला कॅन कितीही धुतला तरी वापरू नका. प्लास्टिक असे पदार्थ शोषून घेतं आणि मग हळूहळू सोडत राहतं. गोवा-कारवारच्या किनाऱ्यावरून समुद्राचं पाणी आणायचं असेल तरी कॅन नवाच हवा.

वापरण्याआधी एवढं करा

नवं भांडं साबण न लावता धुवा. पांढऱ्या व्हिनेगरने पुसून पुन्हा खळखळून घ्या. मग खारं पाणी भरून एक दिवस ठेवा. वास आला, तवंग दिसला किंवा पाणी ढवळल्यावर फेस टिकला तर ते भांडं बाद.

मिठाचं प्रमाण लिटरला साधारण 35 ग्रॅम, म्हणजे 20 लिटरच्या बादलीला सुमारे 700 ग्रॅम. हे मरीन सॉल्ट असावं, स्वयंपाकघरातलं नव्हे. हायड्रोमीटरवर 1.025 च्या आसपास आकडा आला की पाणी जमलं.

शेवटी, बादलीवर मार्करने ‘फक्त टँकसाठी’ असं ठळक लिहा आणि घरात सगळ्यांना सांगून ठेवा. एकदा फरशी पुसायला ती घेतली गेली, की टँकसाठी तिचा उपयोग संपला.