फौजेचं बिल आणि वऱ्हाड

युरोपनं संरक्षणासाठी अमेरिकेवर किती विसंबावं, हा वाद आज रंगतो आहे. परक्या फौजेच्या भरवशाची किंमत यवतमाळच्या लोहाऱ्यासह सगळ्या वऱ्हाडानं दीडशेहून अधिक वर्षांपूर्वीच पाहिली.

• १७९८ : हैदराबादच्या निजामानं इंग्रजांशी तैनाती फौजेचा, म्हणजे त्यांची फौज आपल्या खर्चानं ठेवण्याचा, करार केला. फ्रेंच अधिकाऱ्यांच्या हाताखालची त्याची स्वतःची पलटण मोडली.

• १८५३ : पुढे उभारलेल्या ‘हैदराबाद कंटिन्जंट’ या वेगळ्या फौजेचा खर्च निजामाकडे थकला. कर्जापोटी वऱ्हाड, धाराशिव आणि रायचूर दुआब ईस्ट इंडिया कंपनीच्या कारभाराखाली गेले.

• १८६० : धाराशिव आणि रायचूर परत मिळाले. कापसाचं वऱ्हाड मात्र इंग्रजांनी ठेवून घेतलं.

• १९०२ : वर्षाला २५ लाख रुपये खंडावर वऱ्हाड कायमचं इंग्रजांकडे. कागदोपत्री सार्वभौम निजामच!

• १९०३ : वऱ्हाडाचा कारभार मध्य प्रांताला जोडला.

आजचा युरोप : १९४९ साली स्थापन झालेल्या ‘नाटो’ या अमेरिकेसोबतच्या लष्करी आघाडीत देश स्वेच्छेनं सामील झाले. कुणी मुलूख गहाण टाकलेला नाही आणि करारातल्या १३व्या कलमानुसार बाहेरही पडता येतं. तरी अण्वस्त्रं, उपग्रह-टेहळणी आणि अवजड लष्करी वाहतूक यांत अमेरिकेचा आधार मोठा आहे. २०२५च्या हेग परिषदेत सदस्यांनी २०३५पर्यंत संरक्षण आणि संबंधित कामांवर सकल देशांतर्गत उत्पादनाच्या ५ टक्के खर्चाचं उद्दिष्ट ठरवलं. निजामानं स्वतःची पलटण मोडली होती. युरोपला आता स्वतःची ताकद नव्यानं उभारायची आहे.