मुलाखतीनंतरचे मौन

गेल्या दिवाळीत माझा भाचा पुण्याहून बेळगावला घरी आला होता. पण तो घरात असून नसल्यासारखाच होता. सणाचे चारही दिवस तो माडीवरच्या खोलीत दार लावून संगणकापुढे बसला होता. बहीण फराळाचे ताट वर ठेवून येई आणि तासाभराने ते जवळजवळ तसेच खाली आणी. बेंगळूरच्या एका सॉफ्टवेअर कंपनीने त्याला निवडीचा एक भाग म्हणून घरी करावयाचे काम दिले होते. ते चार दिवसांत पुरे करून पाठवावयाचे होते आणि त्याचा मोबदला अर्थातच काही नव्हता.

हा त्या निवडीचा चौथा टप्पा होता. पहिला टप्पा अर्जाचा. त्यात बायोडेटा जोडून झाल्यावर तीच माहिती पुन्हा निरनिराळ्या रकान्यांत भरावी लागली. दुसरा टप्पा दीड तासाच्या परीक्षेचा. ती देताना कॅमेरा सुरू ठेवावयाचा आणि नजर पडद्यावरून हलवावयाची नाही. तिसरा टप्पा दूरध्वनीवरील बोलण्याचा. घरचे काम पाठविल्यावर पाचव्या टप्प्यात तीन मुलाखती झाल्या. त्यांपैकी एका मुलाखतीस घेणारे गृहस्थ दोनदा आलेच नाहीत. शेवटी, "दोन दिवसांत कळवितो," असे सांगण्यात आले.

त्याच सुमारास पुण्यातील दुसऱ्या एका कंपनीने त्याला नोकरी देऊ केली आणि होकार देण्यास पंधरा दिवसांची मुदत दिली. बेंगळूरचे उत्तर येईल म्हणून हा थांबला. त्याने दोन पत्रे पाठविली. एकाचेही उत्तर आले नाही. पंधरा दिवस संपले आणि पुण्याची ती जागा दुसऱ्यास गेली. जानेवारीत बेंगळूरच्या त्याच जागेची जाहिरात पुन्हा झळकली. भाचा मला म्हणाला, "मामा, नापास केलं असतं तरी चाललं असतं. पण ह्यांनी निकालच लावला नाही."

ही केवळ एका मुलाची कहाणी असती, तर ती घरातल्या घरात ठेवली असती. परंतु बेळगाव, इंदूर, बडोदे येथून शिकून बेंगळूर, पुणे, हैदराबादकडे जाणाऱ्या पुष्कळ तरुणांच्या वाट्याला हेच येते. म्हणून असे का घडते ह्याचा थोडा विचार करू.

पूर्वी नोकरीचा अर्ज करावयाचा म्हणजे सुवाच्य अक्षरात तो लिहावयाचा, दाखल्यांच्या नकला साक्षांकित करून घ्यावयाच्या आणि पाकीट टपालात टाकावयाचे. अर्ज करण्यास कष्ट पडत, म्हणून अर्जांची संख्या आपोआप मर्यादित राही. आज बोटाच्या एका दाबाने अर्ज जातो. साहजिकच एका जागेसाठी इतके अर्ज येतात की, ते सारे वाचणे कचेरीतील माणसांना अशक्य होते. मग हे काम सॉफ्टवेअरकडे सोपविले जाते. ते अर्जातील शब्द पाहते, अनुभवाची वर्षे मोजते आणि चाळण लावते. जाहिरातीत एक शब्द आहे आणि उमेदवाराने त्याच कामासाठी दुसरा शब्द वापरला आहे, एवढ्यावरूनही एखादा अर्ज मागे पडू शकतो.

हे यंत्र निःपक्षपाती असते, असा एक भाबडा समज आहे. ॲमेझॉन कंपनीने 2014 पासून अर्जांची प्रतवारी करणारे एक यंत्र तयार करण्याचा प्रयत्न केला होता. त्याला आधीच्या दहा वर्षांत आलेले अर्ज अभ्यासास दिले गेले. ते बहुतांशी पुरुषांचे होते. त्यावरून यंत्राने असा धडा घेतला की पुरुष असणे हाच एक गुण होय. आणि ज्या अर्जात स्त्रियांच्या एखाद्या मंडळाचा उल्लेख असेल, तो ते खाली ढकलू लागले. हा प्रकार लक्षात आल्यावर कंपनीला तो प्रयोग गुंडाळावा लागला. रॉयटर्स ह्या वृत्तसंस्थेने 2018 मध्ये ही हकीकत प्रसिद्ध केली. तात्पर्य, मागच्या निवडींत जो दोष असतो, तोच यंत्र पुढे चालविते, आणि तोही अधिक वेगाने.

दुसरे कारण भीतीचे आहे. अयोग्य माणूस घेतला गेला तर त्याचा खर्च आणि मनस्ताप कंपनीला सोसावा लागतो. योग्य माणूस नाकारला गेला तर मात्र तो तोटा कोणाच्याच हिशेबात दिसत नाही. म्हणून व्यवस्थापक टप्प्यामागून टप्पे वाढवीत जातात. टप्पे वाढले म्हणजे निवड अचूक होते, असे वरवर पाहता वाटते. पण साधे त्रैराशिक मांडून पाहा. समजा, टप्पे पाच आहेत आणि प्रत्येक टप्प्यात शंभर लायक उमेदवारांपैकी ऐंशी उत्तीर्ण होतात. म्हणजे परीक्षा बरीच चांगली झाली. तरीही शंभराचे ऐंशी, ऐंशीचे चौसष्ट, मग एकावन्न, मग एकेचाळीस, आणि अखेरीस उरतात तेहतीस. शंभर लायक माणसांपैकी सदुसष्ट बाहेर पडली. त्यांनी स्वतःस नालायक समजावे असे ह्यात काहीही नाही. गूगल कंपनीत एकेकाळी एका उमेदवाराच्या कितीतरी मुलाखती होत. तेथील मनुष्यबळ विभागाचे तत्कालीन प्रमुख लास्लो बॉक ह्यांनी 2015 मधील आपल्या पुस्तकात नमूद केले आहे की, चार मुलाखतींनंतर घेतलेल्या मुलाखतींनी निर्णयात फारशी भर पडत नाही.

तिसरा प्रश्न, ह्या टप्प्यांत पारखले जाते ते काय? हा प्रश्न आजचा नव्हे. एडिसनने 1921 मध्ये आपल्याकडे येणाऱ्या पदवीधरांसाठी सुमारे दीडशे प्रश्नांची परीक्षा ठेवली होती. फ्रान्सच्या सीमेला कोणते देश भिडतात, अमुक लांबीरुंदीच्या खोलीतील हवेचे वजन किती, असे ते प्रश्न होते. ते वृत्तपत्रांत फुटले आणि मोठा गहजब उडाला. त्याच सुमारास आइन्स्टाइन अमेरिकेत आला होता. ध्वनीचा वेग किती, असे त्याला विचारण्यात आले, तेव्हा पुस्तकात सापडणारी माहिती आपण डोक्यात बाळगीत नाही, अशा अर्थाचे उत्तर त्याने दिले. पुढे संगणक कंपन्यांत कोडी घालण्याची प्रथा पडली. विमानात गोल्फचे चेंडू किती मावतील, अशा स्वरूपाची ती कोडी. ह्या कोड्यांवरून उमेदवार काम कसे करील ह्याचा काहीच अंदाज येत नाही, अशी कबुली बॉक ह्यांनी 2013 मध्ये दिली.

मग अंदाज येतो तो कशावरून? ह्या विषयावर मानसशास्त्रज्ञांनी दीर्घकाळ संशोधन केले आहे. श्मिट आणि हंटर ह्यांनी 1998 मध्ये पंच्याऐंशी वर्षांच्या संशोधनाचा आढावा घेतला; 2022 मध्ये सॅकेट व त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याची फेरतपासणी केली. सर्व उमेदवारांना तेच प्रश्न विचारून ठरलेल्या कसोटीवर गुण देणारी मुलाखत ही भरवशाच्या पद्धतींत मोडते, हे दोन्हींतून दिसते. प्रत्यक्ष कामाचा नमुना करवून घेणे हीही अशीच एक चांगली पद्धत. आपल्या उद्यमबागेतील कारखानदाराला ही गोष्ट नवी वाटणार नाही. टर्नर हवा असेल तर तो माणसाला लेथवर उभा करतो आणि एक जॉब करून घेतो. मायक्रोमीटरने माप घेतले की निकाल तिथल्या तिथे लागतो. मात्र तो तास-दोन तासांचा जॉब असतो. उमेदवाराच्या घरची दिवाळी त्यात जात नाही.

आता मौनाविषयी. उत्तर न देण्यामागे नेहमीच दुष्ट हेतू असतो असे नाही. कधी मध्येच खर्चाला कात्री लागते आणि जागाच रद्द होते. कधी पहिल्या पसंतीच्या उमेदवाराने नकार दिला तर हाताशी असावा म्हणून दुसऱ्याला टांगून ठेवतात. कारण लिहून दिले तर त्यावरून तंटा उभा राहील, अशी धास्तीही असते. आणि पुष्कळदा, उत्तर पाठविणे हे नेमके कोणाचे काम, हेच ठरलेले नसते. ही कारणे समजण्याजोगी आहेत. पण त्यांतील एकही कारण उमेदवाराला दोन ओळी न लिहिण्यास पुरेसे नाही. तीन मुलाखतींपर्यंत पोहोचणारी माणसे थोडीच असतात.

ही केवळ शिष्टाचाराची बाब आहे असेही आता राहिलेले नाही. कॅनडातील ऑन्टारिओ प्रांतात 1 जानेवारी 2026 पासून एक नियम लागू झाला आहे. पंचवीस किंवा अधिक नोकर असलेल्या मालकाने जाहीर केलेल्या जागेसाठी ज्याची मुलाखत घेतली, त्याला शेवटच्या मुलाखतीपासून 45 दिवसांच्या आत निर्णय झाला की नाही हे कळविलेच पाहिजे. अर्ज चाळण्यास यंत्रबुद्धी वापरणार असल्यास तेही जाहिरातीतच सांगावयाचे आहे. आपल्याकडे खासगी नोकरभरतीत असे सर्वसाधारण बंधन नाही. तोपर्यंत उमेदवारानेच थोडी सावधगिरी बाळगावी, हे बरे.

पहिल्याच बोलण्यात विचारून घ्यावे, की टप्पे किती, कशाची परीक्षा होणार आणि निर्णय कोणत्या तारखेपर्यंत कळणार. घरचे काम दिले तर ते किती तासांचे, हेही विचारावे. हाती दुसरी नोकरी असेल तर तिची मुदत लेखी कळवावी. आणि त्या मुदतीत उत्तर आले नाही, तर ते आलेच नाही असे समजून हातची नोकरी स्वीकारावी. जो विचारलेल्या साध्या प्रश्नाने रागावतो, त्याच्याकडे नोकरी कशी होईल ह्याचाही अंदाज त्यातून येतो.

मालकांनाही एक गोष्ट सांगावीशी वाटते. आपल्या मासिकांच्या संपादकांकडून "साभार परत" अशी चिठ्ठी लावून लेख माघारी येई. त्या दोन शब्दांनी किती नवोदित लेखक खट्टू झाले असतील! पण लेख हाती आल्यामुळे दुसऱ्या दिवशी तो दुसऱ्या मासिकाकडे धाडता येई. संपादकाने नकार दिला, तरी लेखकाला मोकळे केले. उमेदवाराची अपेक्षा ह्याहून अधिक नसते.

माझ्या भाच्याला पुढे मार्चमध्ये नोकरी लागली. तेथे मुलाखती दोनच झाल्या आणि सांगितलेल्या तारखेला उत्तर आले. आता त्या कंपनीत नव्या मुलांच्या मुलाखती घेण्याचे काम अधूनमधून त्याच्याकडे येते. ज्यांची निवड होत नाही त्यांना तो त्याच आठवड्यात स्वतः पत्र लिहितो. एका पत्राला दहा मिनिटे लागतात, असे त्याने मला सांगितले.