फळ्यावरून उतरवले म्हणजे लिहिले असे नव्हे

डहाणू-तलासरीच्या आश्रमशाळांतल्या इंग्रजीच्या वह्या चाळून पाहाव्यात. अक्षर मोत्यासारखे. 'माय मदर' या विषयावर दहा ओळी, एकही चूक नाही. मग शेजारच्या मुलीची वही उघडावी. तीच आई, त्याच दहा ओळी. दोघींच्या आया तर वेगळ्या! काल घरी काय झाले ते दोन वाक्यांत लिही म्हटले की त्याच मुलीचे पेन थांबते. वर्षानुवर्षे तिने इंग्रजी लिहिले नाही, फळ्यावरून उतरवले. आणि या उतरवण्यालाच आपली शिक्षणव्यवस्था लेखन समजून गुण देते.

राज्यात पहिलीपासून इंग्रजी आले 2000 साली. निर्णय योग्यच होता. प्रस्थापितांची मुले कॉन्व्हेंटमध्ये आणि आमच्या मुलांना मातृभाषेच्या थोरवीवर व्याख्यान, हा ढोंगीपणा आम्ही का मान्य करावा? सावित्रीमाईंनी 1854 च्या 'काव्यफुले'त इंग्रजी शिकण्याचा आग्रह धरला, तो उगाच नव्हे. परंतु पुस्तक दिले म्हणजे भाषा दिली असे होत नाही. वारली मुलाच्या घरची भाषा वारली. शाळेत गेल्यावर त्याला पहिली परकी भाषा भेटते ती मराठी, आणि इंग्रजी त्यावर तिसरी. 2025 मध्ये पहिलीपासून हिंदीच्या प्रश्नावर राज्यभर रणकंदन झाले, शासनाने 29 जूनला निर्णय मागे घेतला. त्या गदारोळात वारली मुलाच्या डोक्यावर आधीच किती भाषांचे ओझे आहे, हे कुणी विचारले?

लेखन हे शेजारी बसून शिकवण्याचे काम आहे. वाचन एकदम चाळीसांना शिकवता येईल, कविता शंभरांना म्हणायला लावता येईल. पण मुलाच्या मनात काय आहे आणि कागदावर काय आले, यातले अंतर त्याच्या शेजारी बसल्याशिवाय दिसत नाही. मूल लिहिते, 'आय रिव्हर गो'. गुरुजी लाल रेघ मारतात आणि मूल ढ ठरते. वास्तविक त्या मुलाने डोके वापरलेले असते. आपल्या भाषेत क्रियापद शेवटी येते, म्हणून त्याने ते शेवटी ठेवले. 'गो' नदीच्या आधी का आणायचे, हे त्याला दोन मिनिटांत सांगता येते. पण ती दोन मिनिटे त्याची एकट्याची हवीत.

बाबासाहेबांना ती मिळाली. सुभेदार रामजींनी मुलाचे इंग्रजी शाळेवर सोडले नाही. तर्खडकरांच्या भाषांतर पाठमाला त्यांनी स्वतः भीमरावांकडून घोटून घेतल्या. परळच्या चाळीतल्या एका खोलीत हे चालले होते. बाबासाहेबांच्या इंग्रजीचे आपण गोडवे गातो, पण तिच्या मुळाशी मुलाच्या शेजारी बसलेला बाप आहे, हे सोयीस्कर विसरतो. सुभेदार लष्करी शाळेत शिकवलेले होते. तलासरीच्या वीटभट्टी मजुराने मुलाच्या शेजारी बसून काय सांगावे? श्रीमंताने ती जागा शिकवणीच्या फीने भरून काढली. आदिवासींच्या मुलाची जागा रिकामी राहिली.

हिशेब करू. शिक्षण हक्क कायद्याने पाचवीपर्यंत तीस मुलांमागे एक शिक्षक सांगितला. हे प्रमाण पाळले तरी 35 मिनिटांच्या तासात मुलाच्या वाट्याला जेमतेम एक मिनिट येते. मात्र रोज पाचच मुले घेतली, बाकीची आपापले लिहीत वा चित्र काढीत बसली, तर प्रत्येकाला सहा मिनिटे मिळतात आणि सोमवार ते शनिवार तीसही मुले होतात. यासाठी यंत्र लागत नाही, टॅब लागत नाही. लागतो तो शिक्षक. एका शिक्षकावर चार वर्ग टाकणाऱ्या शासनाला हे नको आहे.

त्या सहा मिनिटांत करायचे काय? आधी मुलाला बोलू द्यावे, वारलीत बोलला तरी चालेल. याच डहाणू तालुक्यातल्या गंजाडच्या जिव्या सोमा मशे यांना पांढऱ्या रेषांतून आपले जग मांडल्याबद्दल 2011 मध्ये पद्मश्री मिळाली. इथल्या मुलाला गोष्ट सांगता येत नाही, हे म्हणूच नये. त्याने तारपा नाच काढावा आणि त्याखाली एक इंग्रजी वाक्य लिहावे. शिक्षकाने प्रथम विचारावे, हा तारपा वाजवणारा कोण? चूक त्यानंतर, आणि एका बैठकीत एकच. पेन मुलाच्याच हातात राहिले पाहिजे. शिक्षकाने वाक्य लिहून दिले की पुन्हा उतरवणेच सुरू झाले.

हा हट्ट कशासाठी, ते वकील म्हणून सांगतो. राज्यघटनेच्या कलम 348 नुसार उच्च न्यायालयाची भाषा इंग्रजी आहे. वाढवण बंदर याच डहाणू तालुक्यात होत आहे, बुलेट ट्रेन डहाणू-तलासरीतून जाते. मोठ्या प्रकल्पाच्या पर्यावरण अहवालाचा सारांश स्थानिक भाषेत द्यावा लागतो, मूळ जाडजूड अहवाल इंग्रजीत असतो. ज्याची जमीन जाते तो सारांश वाचतो, आणि त्याचे म्हणणे कुणीतरी दुसराच इंग्रजीत मांडतो. 1945 मध्ये झरीच्या सभेनंतर वारल्यांनी वेठबिगारी झुगारली. ज्या कागदावर अंगठा घेतला जाई, त्यात काय लिहिले आहे हे तेव्हा अंगठा देणाऱ्याला वाचता येत नव्हते. आज सही आली. वरचा मजकूर अजून दुसऱ्याचाच.

शासनाकडून रिक्त जागा भरून घेण्याची लढाई लढलीच पाहिजे. पण तोवर बोईसर-पालघर पट्ट्यातले आपले पदवीधर, रेल्वेतले, बँकेतले, निवृत्त गुरुजी काय करीत आहेत? रविवारचे दोन तास, दहा मुले, प्रत्येकाला बारा मिनिटे. मात्र उपकारकर्ते म्हणून जाऊ नये. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी 1945 मध्ये बोर्डीला काम सुरू केले, 1957 मध्ये त्या कोसबाडला गेल्या, आणि गुरे राखणारी मुले शाळेत येईनात तेव्हा शाळाच कुरणावर नेली. त्यांची विचारसरणी आपली नव्हती, पण त्या मुलांपर्यंत चालत गेल्या. जाणाऱ्याने आधी वारलीतले पन्नास शब्द शिकून घ्यावेत.

आणि एक व्यवहाराची गोष्ट. दिवाळीनंतर कितीतरी कुटुंबे वीटभट्ट्यांवर, बांधकामांवर निघून जातात आणि मूलही सोबत जाते. म्हणून ही वही शाळेच्या कपाटात कुलूपबंद ठेवू नये. ती मुलाच्या पिशवीत असावी. पहिल्या पानावर शेवटच्या बैठकीत काय शिकवले ते मराठीत एका ओळीत लिहिलेले असावे, म्हणजे भट्टीजवळच्या शाळेतला शिक्षक तिथून पुढे सुरू करील.