तोफा थांबल्या, युद्ध संपलं नाही

मुलांनो, संध्याकाळच्या बातम्या लागल्या की कुठल्या ना कुठल्या युद्धाची चित्रं दिसतातच. मग दुसऱ्या दिवशी वर्गात हमखास प्रश्न येतो, "बाई, हे युद्ध थांबणार, की सगळीकडे पसरणार?" तुम्हीही हा प्रश्न आई-बाबांना विचारला असेल. आणि "आधी गृहपाठ कर" असं उत्तर मिळालं असेल!

खरं सांगायचं तर चालू युद्धाचं भविष्य छातीठोकपणे कुणालाच सांगता येत नाही. पण एक युद्ध असं आहे, की ते १९५० साली पेटलं, त्यातल्या तोफा १९५३ साली थांबल्या आणि कागदोपत्री ते आजही संपलेलं नाही. युद्ध पसरतं कसं, थांबतं कसं आणि थांबूनही संपत का नाही, हे सगळं त्यात दिसतं. ते म्हणजे कोरियाचं युद्ध. नकाशाचं पुस्तक काढा पाहू.

चीनच्या खाली, जपानकडे तोंड करून समुद्रात शिरलेला एक द्वीपकल्प दिसेल. त्याच्या कमरेजवळून ३८ अंश उत्तर अक्षवृत्त जातं. (आपली मुंबई १९ अंशांवर आहे, तिच्या बरोब्बर दुप्पट. लक्षात ठेवायला सोपं!) १९१० पासून कोरियावर जपानची सत्ता होती. ऑगस्ट १९४५ मध्ये जपान हरायला आला. उत्तरेकडून रशियाचं, म्हणजे तेव्हाच्या सोव्हिएत संघाचं सैन्य शिरत होतं. जपानी सैन्याची शरणागती कुणी कुठे घ्यायची, हे ठरवायचं होतं. वॉशिंग्टनमध्ये दोन अमेरिकी अधिकाऱ्यांना मध्यरात्री हे काम सांगितलं गेलं. हाताशी होता नॅशनल जिऑग्राफिकचा एक नकाशा आणि वेळ होता अर्धा तास. त्यांनी ३८व्या अक्षवृत्तावर बोट ठेवलं. वरचा भाग रशियाकडे, खालचा अमेरिकेकडे, तोही तात्पुरता. कोरियातल्या कुणालाही विचारलं नव्हतं. ती तात्पुरती रेघ अशी काही मुरली, की १९४८ साली तिच्या दोन बाजूंना दोन सरकारं उभी राहिली. उत्तरेत किम इल सुंग, दक्षिणेत सिंगमन ऱ्ही. आणि दोघेही म्हणायचे, सगळा कोरिया माझाच!

२५ जून १९५० रोजी उत्तरेचं सैन्य रेघ ओलांडून खाली आलं. तीन दिवसांत दक्षिणेची राजधानी सोल पडली. संयुक्त राष्ट्रांच्या झेंड्याखाली अमेरिकेसह सोळा देशांच्या फौजा दक्षिणेच्या मदतीला गेल्या. सप्टेंबरात जनरल मॅकार्थर यांनी इंचॉन बंदरात अचानक सैन्य उतरवलं आणि सगळं चित्रच पालटलं. आता उत्तरेचं सैन्य पळत सुटलं.

इथे नीट लक्ष द्या हं. हल्ला परतवला गेला होता. रेघेपाशी थांबायचं, की पुढे जायचं? चीनमध्ये तेव्हा आपले राजदूत होते सरदार के. एम. पणिक्कर. २ ऑक्टोबरला रात्री झोपेतून उठवून त्यांना चीनचे पंतप्रधान चौ एन लाय यांच्याकडे बोलावलं गेलं. निरोप साधा होता. अमेरिकी सैन्य ३८व्या अक्षवृत्तापलीकडे आलं, तर चीन युद्धात उतरेल. भारताने हा निरोप पोहोचवला. पण वॉशिंग्टनमध्ये अनेकांना वाटलं, चीन नुसती धमकी देतोय. सैन्य पुढे गेलं. त्याच महिन्यात चिनी सैनिक यालू नदी ओलांडून रात्रीच्या अंधारात कोरियात उतरले, लाखांच्या संख्येने. युद्ध पसरलं ते असं.

याहून मोठा भडका उडण्याची वेळही आली होती. ३० नोव्हेंबर १९५० रोजी अमेरिकेचे अध्यक्ष ट्रूमन पत्रकारांना म्हणाले, की अणुबॉम्बचाही विचार चालू आहे. जगाला धडकी भरली. ब्रिटनचे पंतप्रधान ॲटली तातडीने विमानाने वॉशिंग्टनला गेले. मॅकार्थरना तर युद्ध थेट चीनच्या भूमीवर न्यायचं होतं आणि ते हे उघडपणे बोलू लागले. एप्रिल १९५१ मध्ये ट्रूमन यांनी आपल्या या सर्वांत लोकप्रिय सेनापतीला पदावरून काढून टाकलं. लोक खूप चिडले त्यांच्यावर. मला मात्र वाटतं, त्या एका सहीने फार मोठं संकट टळलं.

तोवर सोल शहर चार वेळा या हातातून त्या हातात गेलं होतं आणि दोन्ही सैन्यं पुन्हा त्याच रेघेच्या आसपास येऊन ठेपली होती. जुलै १९५१ मध्ये बोलणी सुरू झाली. तुम्ही म्हणाल, चला, सुटलो! पण ती बोलणी चालली दोन वर्षं. अमेरिकेचे जवळजवळ निम्मे सैनिक मेले वा जखमी झाले ते बोलणी सुरू झाल्यानंतर. अडलं होतं कुठे? जमिनीवर नाही, युद्धकैद्यांवर.

१९४९ च्या जिनिव्हा करारात लिहिलं होतं, की लढाई संपली की कैद्यांना परत पाठवायचं. सरळ वाटतं ना? पण संयुक्त राष्ट्रांच्या छावण्यांत कैद्यांना विचारलं, तेव्हा सुमारे १ लाख ३२ हजारांपैकी सत्तर हजारच घरी जायला तयार होते. बाकीचे म्हणाले, आम्हाला नाही जायचं. काहींना परत गेल्यावर शिक्षेची भीती होती. काहींवर छावणीतल्या दांडग्या कैद्यांनी दडपण आणलं होतं. चीन आणि उत्तर कोरिया म्हणत, आमची माणसं सगळी परत द्या. अमेरिका म्हणे, जबरदस्तीने कुणाला पाठवणार नाही. दोन्ही बाजूंकडे थोडंथोडं खरं होतं. असे वाद फार चिवट असतात.

वाट काढली ती भारताने. व्ही. के. कृष्ण मेनन यांनी संयुक्त राष्ट्रांत एक ठराव मांडला. त्यात म्हटलं होतं, कैदी तटस्थ देशांच्या एका आयोगाकडे सोपवा. डिसेंबर १९५२ मध्ये तो मोठ्या बहुमताने मंजूर झाला, पण चीन आणि रशियाने तेव्हा तो धुडकावला. मार्च १९५३ मध्ये रशियाचे सर्वेसर्वा स्टालिन वारले आणि काही महिन्यांत साधारण त्याच धर्तीवर तोडगा निघाला. आयोगाचे अध्यक्ष झाले जनरल थिमय्या. कैद्यांवर पहारा ठेवायला भारताचे काही हजार जवान बोटीने निघाले. त्यांचे प्रमुख होते मेजर जनरल शंकरराव थोरात, आपल्या कोल्हापूर भागातले! दक्षिण कोरियाचे अध्यक्ष ऱ्ही यांना हा तोडगाच मान्य नव्हता. भारतीय सैनिकांनी आपल्या भूमीवर पाऊल ठेवता कामा नये, असं ते म्हणाले. मग काय, जवानांना हेलिकॉप्टरमध्ये बसवून दोन सैन्यांमधल्या पट्ट्यात नेऊन उतरवलं.

तिथे बावीस हजारांहून जास्त बिथरलेले कैदी होते. सप्टेंबर १९५३ मध्ये त्यांनी एका भारतीय मेजरना पकडून ठेवलं. थोरात स्वतः कुंपणाच्या आत गेले, कैद्यांच्या गराड्यात उभं राहून त्यांच्याशी बोलले आणि मेजरना सोडवून बाहेर घेऊन आले. त्या दिवशी गोळी चालली नाही. पुढच्या काही दंग्यांत मात्र चालवावी लागली आणि कैदी मेले, हेही सांगायला हवं. शेवटी ८८ जण असे उरले, की ज्यांना ना उत्तरेत जायचं होतं ना दक्षिणेत. ते आपल्या जवानांबरोबर बोटीने भारतात आले.

आता मूळ मुद्द्याकडे येऊ. २७ जुलै १९५३ रोजी सकाळी दहा वाजता पानमुनजॉम इथे दोन सेनापती आले, हस्तांदोलनही न करता सह्या करून निघून गेले. रात्री दहा वाजता तोफा थांबल्या. तोवर वीस लाखांहून अधिक माणसं मेली होती. पण सही झाली ती शस्त्रसंधीवर. शस्त्रसंधी म्हणजे 'आता गोळी झाडायची नाही' एवढंच. 'आता आपलं वैर संपलं, ही तुझी हद्द, ही माझी' असं सांगणारा असतो तो तह. तो १९५४ साली जिनिव्हात व्हायचा होता, झालाच नाही. ऱ्ही यांनी तर शस्त्रसंधीवरही सही केली नव्हती.

तह नसला की काय होतं? एका झाडाची गोष्ट सांगते. पानमुनजॉमला पॉप्लरचं एक झाड होतं. त्याच्या फांद्यांमुळे एका चौकीवरून दुसरी चौकी दिसत नव्हती. १८ ऑगस्ट १९७६ रोजी ते छाटायला माणसं गेली. उत्तरेच्या सैनिकांनी हरकत घेतली, वादावादी झाली आणि त्यांनी कुऱ्हाडी-काठ्यांनी दोन अमेरिकी अधिकाऱ्यांना ठार मारलं. तीन दिवसांनी अमेरिकी आणि दक्षिण कोरियाई सैनिक पुन्हा आले. आकाशात बॉम्बफेकी विमानं, मागे तोफा सज्ज. कशासाठी? झाड तोडायला! पाऊण तासात झाड पडलं. उत्तरेकडून कुणी गोळी झाडली असती तर? झाडली नाही. त्याच दिवशी किम इल सुंग यांनी खेद व्यक्त केल्याचा निरोप पाठवला.

त्या रेघेच्या आसपास आज सुमारे २५० किलोमीटर लांब आणि चार किलोमीटर रुंद पट्टा आहे. आत माणूस जवळजवळ नाही, म्हणून दुर्मिळ क्रौंच पक्षी तिथे सुखाने राहतात. माणसांचं तसं नाही. १९५०च्या पळापळीत भाऊ इकडे, बहीण तिकडे अशी कितीतरी घरं तुटली. ना पत्र, ना फोन. दक्षिणेत १ लाख ३० हजारांहून जास्त लोकांनी "आमच्या माणसाला भेटवा" म्हणून नावं नोंदवली. २००० सालापासून अधूनमधून अशा भेटी घडवल्या गेल्या. सत्तरीचा मुलगा नव्वदीच्या आईला भेटायचा आणि दोन-तीन दिवसांनी आपापल्या बसमध्ये बसून कायमचा निरोप. शेवटच्या भेटी झाल्या ऑगस्ट २०१८ मध्ये. नाव नोंदवलेल्यांतले निम्म्याहून अधिक लोक वाट पाहता पाहताच गेले.

मग आता तह होईल का? २०१८ साली वाटलं होतं, की होईल. एप्रिलमध्ये किम जाँग उन आणि दक्षिणेचे मून जे इन हात धरून ती रेघ इकडून तिकडे ओलांडून गेले, वर्षाअखेर युद्ध संपल्याचं जाहीर करू म्हणाले. पण गाडी अडली अण्वस्त्रांवर. उत्तरेने २००६ साली पहिली अणुचाचणी केली होती. अमेरिका म्हणते, आधी अण्वस्त्रं सोडा. उत्तर म्हणते, ती सोडली तर आमचं रक्षण कोण करणार? २०२३ अखेरीस तर उत्तरेने जाहीर केलं, की दक्षिण हा आता भाऊबंद नव्हे, शत्रुदेश आहे. ऑक्टोबर २०२४ मध्ये दक्षिणेकडे जाणारे रस्ते सुरुंगाने उडवले. त्याच सुमारास उत्तरेचे हजारो सैनिक रशियाच्या बाजूने युक्रेनविरुद्ध लढायला गेले. म्हणजे एका न संपलेल्या युद्धातला देश दुसऱ्या युद्धात उतरला.

माझा अंदाज विचाराल, तर तह लवकर होईल असं दिसत नाही. ठरवून मोठं युद्ध कुणी सुरू करेल, असंही वाटत नाही. दोन्ही बाजूंना किंमत ठाऊक आहे. सोल शहर तर उत्तरेच्या तोफांच्या टप्प्यात आहे. धास्ती वाटते ती त्या झाडासारख्या एखाद्या किरकोळ गोष्टीची. म्हणून मी बातम्यांत पाहते ते फोनबद्दल. दोन्ही कोरियांमध्ये खास टेलिफोन लाइन आहे. दक्षिणेचा अधिकारी सकाळी नऊला आणि संध्याकाळी पाचला फोन लावायचा, तिकडून कुणीतरी उचलायचं. बोलायचं फारसं काही नसायचं, पण समोर कुणी आहे हे कळायचं. एप्रिल २०२३ मध्ये उत्तरेने तो उचलणं बंद केलं.

पालकांनो, तुमच्या मुलाने युद्धाचं विचारलं, तर कोण जिंकतंय याबरोबर कोण कुणाशी बोलतंय, हेही त्याच्याबरोबर शोधून पाहा.

एक ताजी गोष्ट राहिलीच. २०२४ साली दोन्ही बाजूंनी सीमेवर भोंगे लावले होते. दक्षिण गाणी आणि बातम्या ऐकवायची. उत्तर त्यावर रात्रभर किंचाळण्याचे, पत्रा खरवडल्यासारखे आवाज सोडायची. गांघ्वा बेटावरच्या लोकांची झोप उडाली होती. जून २०२५ मध्ये दक्षिणेत नवे अध्यक्ष आले आणि त्यांनी आपले भोंगे बंद करवले. कुठलीही बैठक नाही, कुठलाही करार नाही. दुसऱ्या दिवशी उत्तरेचेही भोंगे गप्प झाले.